चाहत्यांशी चांगले वागणारे कलाकार कोण, आणि हे ओळखायचे कशावरून?

सदाशिवपेठी (प्रश्न)

मागच्या महिन्यात माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला तिच्या आवडत्या गायकाच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो होतो. गायकाचे आणि आयोजकांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार मांडायची नाही. साध्या तिकिटाच्या चौपट रक्कम मोजून आम्ही 'भेटीसह' तिकीट घेतले होते. दोन तास रांगेत उभे राहिल्यावर एका छापील पडद्यासमोर आमची पाळी आली, छायाचित्रकार "इकडे बघा" म्हणाला, दिवा लखलखला आणि काळ्या सदऱ्यातल्या एका गृहस्थांनी भाचीला पलीकडच्या दाराकडे वळवले. तिने वहीच्या पानावर चार ओळींची चिठ्ठी लिहून नेली होती, ती तिच्या मुठीतच राहिली. गायक तिच्याशी वाईट वागला असे मी म्हणणार नाही. तो तिच्याशी वागलाच नाही. परतताना रिक्षात तिने विचारले, "मामा, सगळे असेच असतात का?" मला उत्तर देता आले नाही.

घरी आल्यावर बरेच वाचले. जे हाती लागले ते बहुतेक 'अमक्याने चाहतीला मिठी मारली', 'तमक्याने लहान मुलाला मंचावर बोलावले' या प्रकारचे होते. हे प्रसंग खोटे असतील असे नाही, परंतु समोर शंभर कॅमेरे असताना मारलेल्या मिठीवरून माणसाची पारख कशी करायची, हे मला समजत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. जगातल्या नामवंत संगीतकारांपैकी आपल्या श्रोत्यांची खरोखर कदर करणारे कोण, आणि तुम्ही ते कशाच्या आधारावर ठरवता? गाण्याचा प्रकार कोणताही चालेल. भाचीला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे ऐकीव गोष्टींपेक्षा पक्की माहिती असेल तर उत्तम.

हिशेबनीस

मिठीचा पुरावा चालत नसेल तर मी पावतीचा पुरावा देतो.

'द क्युअर' हा इंग्लंडमधील क्रॉली गावचा जुना बँड आणि रॉबर्ट स्मिथ हे त्याचे गायक. २०२३ साली त्यांचा अमेरिकेचा दौरा ठरला तेव्हा त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली अशी, की मागणी वाढेल तसा दर आपोआप चढवत नेण्याची जी पद्धत आता विमानाच्या तिकिटांवरून गाण्याच्या तिकिटांवर आली आहे, ती आपल्या कार्यक्रमांना लावायची नाही. दुसरी अशी, की तिकीट ज्याने घेतले त्यानेच वापरावे. जाता येत नसेल तर छापील किमतीलाच परत विकावे, म्हणजे दलालांना त्यात शिरकाव राहणार नाही. न्यूयॉर्क, शिकागो आणि डेन्व्हर या तीन ठिकाणी तिथल्या कायद्यांमुळे हे बंधन घालता आले नाही, हेही त्यांनी आधीच जाहीर करून टाकले. काही ठिकाणी सर्वांत स्वस्त तिकीट अवघे २० डॉलरचे होते, आणि एवढ्या मोठ्या बँडच्या बाबतीत हा आकडा आजकाल छापायची चूक वाटावा असाच आहे.

पुढचा भाग भाचीला जरूर वाचून दाखवा. विक्री सुरू झाल्यावर एका चाहत्याने आपल्या खरेदीचा तपशील समाजमाध्यमावर टाकला. वीस डॉलरची चार तिकिटे, म्हणजे ८० डॉलर. त्यावर प्रत्येक तिकिटामागे ११.६५ डॉलर सेवाशुल्क, प्रत्येकी १० डॉलर सभागृहाचा आकार आणि एकूण खरेदीवर ५.५० डॉलर प्रक्रिया शुल्क. बेरीज करून पाहा: शुल्क ९२.१० डॉलर. जिन्नसापेक्षा पिशवी महाग! स्मिथ यांना हे समजल्यावर त्यांनी, त्यांच्या नेहमीच्या सवयीने सगळी अक्षरे कॅपिटल ठेवून, आपल्यालाही हे पाहून शिसारी आली असे जाहीर लिहिले आणि तिकिटे विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीला जाब विचारला. दोन-तीन दिवसांत कंपनीने कबूल केले की सर्वांत स्वस्त तिकीट घेतलेल्यांना तिकिटामागे १० आणि बाकीच्यांना ५ डॉलर परत मिळतील. पैसे ज्यांनी आधी भरले होते त्यांनाही परत मिळाले. त्यानंतर बनावट खात्यांवरून घेतलेली सुमारे सात हजार तिकिटेही रद्द करण्यात आली.

आता हिशेबनीस म्हणून एक टीप जोडणे मला भाग आहे. तिकिटामागे शुल्क साधारण २३ डॉलर होते आणि परत मिळाले दहा, त्यामुळे हा संपूर्ण विजय नव्हता. तरीही एखाद्या गायकाने आपल्या श्रोत्याची पावती ओळ न ओळ वाचावी आणि तिच्यावरून भांडावे, ही गोष्ट मी फार क्वचित पाहिली आहे. बरे, स्वस्त तिकीट म्हणून गाणे आटोपते घेतले असेही झाले नाही. त्या दौऱ्यात बँड एकेका रात्री तीसच्या आसपास गाणी वाजवत असे.

हे भांडण नवे नाही. 'पर्ल जॅम' या सिॲटलच्या बँडला तिकीट २० डॉलरच्या आत ठेवायचे होते, म्हणून १९९४ साली त्यांनी त्याच कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली, उन्हाळ्याचा दौरा सोडून दिला आणि त्यांच्या दोन वादकांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. १९९५ साली न्याय विभागाने चौकशी गुंडाळली. वॉशिंग्टनच्या 'फुगाझी'ची पद्धत याहून साधी होती: प्रवेश बहुधा पाच डॉलर, वयाची अट नाही आणि पुढच्या रांगेत कोणी इतरांना धक्काबुक्की करू लागला तर गाणे थांबवून त्याला बाहेर काढायचे, मात्र जाताना त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून त्याच्या हातात द्यायचे. मारहाण करणाऱ्याचेही पैसे बुडवायचे नाहीत, हा शिष्टाचार मला अतिशय आवडतो.

नेरूळकर

हिशेबनिसांचे म्हणणे पटले, पण तिकिटाचा निकष एकटाच धरला तर घोटाळा होतो, असे मला वाटते.

आमच्या घरापासून डी. वाय. पाटील स्टेडियम चालत पंधरा मिनिटांवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम तिथे झाले तेव्हा मूळ विक्रीत आम्हाला काहीही मिळाले नव्हते, आणि फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर एकेका तिकिटाला लाखाच्या घरातले आकडे झळकत होते. या बँडची एक योजना आहे, तिला ते 'इन्फिनिटी तिकीट' म्हणतात. प्रत्येक कार्यक्रमाची थोडी तिकिटे वीस युरोंच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे दोन हजार रुपयांना, ठेवायची. ती जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठे मिळणार हे आधी कळत नाही. कोणाच्या नशिबी सर्वांत वरचा मजला येतो, तर कोणाला मंचाच्या जवळची जागा लाभते. नोव्हेंबरमध्ये ती विक्रीला आली तेव्हा माझ्या पुतण्याला एक जोडी मिळाली. आम्ही काकू-पुतणे दोघे गेलो. बसायला जागा बरीच वरची मिळाली. मनगटावर बांधायला दिलेल्या पट्ट्यांचे दिवे लागले तेव्हा मात्र आमच्या आणि पुढच्या रांगांमध्ये फरक उरला नव्हता, कारण तो देखावा श्रोत्यांच्या हातांचाच असतो आणि वरून तो जास्त चांगला दिसतो. या पट्ट्या जाताना परत द्यायच्या असतात. दारात टोपल्या होत्या आणि पुतण्याचा हात टोपलीवर बराच वेळ रेंगाळला, हे मी पाहिले. शेवटी दिली त्याने.

ही सदिच्छा मानावी की आकर्षक जाहिरात, असा प्रश्न माझ्या मनात आलाच. थोडी तिकिटे स्वस्त ठेवून बाकीची चढ्या दराने विकता येतात, हे खरे आहे. पण त्या रात्री दोन हजारांत आत गेलेल्या माणसाला हा युक्तिवाद ऐकवून काही उपयोग नाही.

उलट उदाहरण अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे घ्या. श्रोत्यांसाठी झिजणारा माणूस म्हणून त्यांच्याइतके नाव क्वचितच कोणाचे असेल. तीन-तीन तास गाणे हा त्यांचा रोजचा रतीब. ३१ जुलै २०१२ रोजी हेलसिंकीत ते चार तासांहून अधिक वेळ गायले. लोक फरमाइशीचे फलक घेऊन येतात, ते गर्दीतून फलक गोळा करतात आणि बँडला ऐनवेळी ते गाणे वाजवायला लावतात. आणि याच माणसाच्या दौऱ्याची तिकिटे २०२२ मध्ये विक्रीला आली तेव्हा मागणीनुसार चढणाऱ्या दरामुळे काही जागांची किंमत पाच हजार डॉलरपर्यंत गेली. त्यांचे म्हणणे असे होते की एरवी हा पैसा दलाल खातात, मग मंचावर घाम गाळणाऱ्यांनी तो का घेऊ नये. तर्क म्हणून यात चूक दाखवणे अवघड आहे. पण १९८० पासून त्यांच्यावर निघणारे 'बॅकस्ट्रीट्स' हे चाहत्यांचे नियतकालिक या प्रकारानंतर २०२३ मध्ये चालकांनी बंद केले. त्रेचाळीस वर्षे ज्यांनी प्रेमाने अंक काढले ते शत्रू झाले नाहीत, त्यांचे मन उडाले इतकेच. मंचावर सर्वस्व देणारा माणूस तिकीटखिडकीवर वेगळा वागू शकतो, हे भाचीला सांगायला हरकत नाही.

बे एरियातले आजोबा

नेरूळकरबाई, तुमचा पुतण्या पट्टीवर रेंगाळला ते वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली. श्रोता मैफलीतून घरी काय घेऊन जाऊ शकतो, या बाजूने हा प्रश्न पाहावा, असे सुचवतो.

मी १९८७ मध्ये नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आलो. कार्यालयात शेजारी बसणारा सहकारी 'ग्रेटफुल डेड' या बँडचा भक्त होता; भक्त हाच शब्द योग्य आहे, कारण तो त्यांच्या मागे वारी करावी तसा गावोगाव फिरे. १९८९ च्या उन्हाळ्यात त्याने मला माउंटन व्ह्यूच्या शोरलाइन या खुल्या प्रेक्षागृहात नेले. आत गेल्यावर मी थबकलो. ध्वनिनियंत्रकाच्या कक्षामागे पुरुषभर उंचीच्या काठ्यांचे रानच उभे होते आणि प्रत्येक काठीच्या टोकाला मायक्रोफोन. खाली पायाशी टेपरेकॉर्डर, बॅटऱ्या, कोऱ्या कॅसेटींचे डबे. मी सहकाऱ्याला हळूच विचारले, "हे सगळे पकडले नाही जाणार?" त्याने मला तोंडावर बोट ठेवून गप्प केले. पकडले जाण्याची भीती नव्हती. माझा आवाज टेपमध्ये गेला असता.

या बँडने श्रोत्यांना आपले कार्यक्रम मुद्रित करण्याची मुभा दिली होती. आधी लोक चोरून करत, मग उघडपणे करू लागले आणि त्यांच्या काठ्यांमुळे ध्वनिनियंत्रकाला मंच दिसेनासा झाला. दुसऱ्या कोणी बंदी घातली असती. यांनी ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी नियंत्रण कक्षामागे स्वतंत्र जागा राखली आणि तिची वेगळी तिकिटे काढली. अट एकच होती, की टेप विकायची नाही. देवाणघेवाण करा, नव्याला फुकट द्या, पण तिच्यावर पैसा करू नका. ही अट पोलिसांनी नव्हे, चाहत्यांनीच सांभाळली. नवख्या माणसाकडे बदल्यात द्यायला टेप नसे. त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपाल हशील पाठवायचे, आणि कुठल्याशा राज्यातला अनोळखी माणूस रात्री जागून त्यावर कार्यक्रम उतरवून पाठवून द्यायचा. सहकाऱ्याच्या घरी चपलांच्या कपाटात चपला नव्हत्या, नव्वद मिनिटांच्या मॅक्सेलच्या कॅसेटी होत्या. प्रत्येकीच्या कागदावर बारीक अक्षरात तारीख, गाव, गाण्यांचा क्रम आणि ही मूळ टेपची कितवी प्रत आहे त्याचा आकडा. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत खरखर इतकी वाढे की गाणे पावसात भिजत चालल्यासारखे वाटे.

बँड रोज वेगळी गाणी वेगळ्या क्रमाने वाजवत असल्यामुळे कालची टेप आज शिळी होत नसे, हेही लक्षात घ्यायला हवे. एकच ठरलेला कार्यक्रम गावोगाव करणाऱ्याला ही उदारता परवडली असती का, याची मला शंका आहे.

ही रीत त्यांच्या वागण्यात आधीपासून होती. १९७१ च्या एका तबकडीच्या वेष्टणात त्यांनी श्रोत्यांना आवाहन छापले होते, त्याचा मथितार्थ असा: तुम्ही कोण, कुठे आणि कसे आहात ते कळवा, नावपत्ता पाठवा, आम्ही तुम्हाला माहिती देत राहू. हजारो पत्रे आली आणि खरोखरच पत्रके जाऊ लागली. १९८३ पासून तर त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटून टपालाने तिकिटे देणे सुरू केले. लोक मनीऑर्डरसोबत पाठवायची पाकिटे रंगीत चित्रांनी सजवत. सहकाऱ्याची बायको आपल्याकडे रांगोळी घालावी तशी तल्लीन होऊन ती रंगवताना मी पाहिली आहे.

सगळे गोड नव्हते, हेही सांगतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये जेरी गार्सिया गेले आणि बँड थांबला. पुढे या टेपा इंटरनेट आर्काइव्हवर सर्वांसाठी आल्या. नोव्हेंबर २००५ मध्ये त्या अचानक उतरवून घेण्याचे फर्मान निघाले, चाहते खवळले, आणि बँडचेच वादक फिल लेश यांनी जाहीरपणे चाहत्यांची बाजू घेतली. थोड्याच दिवसांत श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. बँडच्या स्वतःच्या यंत्रणेवरची मात्र फक्त ऐकायला ठेवली, उतरवून घ्यायला नाही. दानाचा हात आखडता घ्यायचा मोह त्यांनाही झाला होता, आणि तो सोडवला चाहत्यांनी.

मला या प्रकाराचे फार नवल वाटले नाही याचे कारण घरचे आहे. बेळगावला आमच्या काकांकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. घरगुती बैठकीला बुवा आले की काका आधी परवानगी विचारत, आणि जे हो म्हणत त्यांच्या बैठका मग वर्षानुवर्षे धारवाड, कोल्हापूर, पुणे अशा फिरत. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या काळातल्या कितीतरी खाजगी बैठका आज आपल्या कानावर येतात त्या अशाच हातोहात आल्या आहेत. डेडवाल्यांनी हेच स्टेडियममध्ये केले.

मध्यलय

मी थोडा विरोधी सूर लावतो, क्षमस्व.

श्रोत्याशी गोड वागणे हे कलाकाराचे कर्तव्य आहे, हे गृहीतच मला मान्य नाही. बीटल्सचे रिंगो स्टार यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये एका चित्रफितीतून सांगितले की २० ऑक्टोबरनंतर येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर आपण सही करणार नाही आणि आलेली पत्रे फेकून दिली जातील. बोलताना 'शांती आणि प्रेम' हे शब्द त्यांनी पेरले होते, त्यामुळे त्यांची बरीच टिंगल झाली. पण पंचेचाळीस वर्षे सह्या केलेल्या आणि त्यातल्या अनेक दुसऱ्या दिवशी विक्रीला लागलेल्या पाहणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाने 'आता पुरे' म्हटले, तर त्यात निष्ठुर काय आहे? त्यांनी निदान तारीख सांगून दार लावले. भाचीच्या बाबतीत दाराचे पैसे घेऊन दार लावले गेले, आणि माझ्या मते अपमान तिथे आहे.

किशोरी आमोणकर यांच्या मैफलीत कुजबुज, ये-जा चालत नसे, आणि त्या ते बोलून दाखवत. अनेकांना तो ताठा वाटे. मला त्यात श्रोत्याचा मान वाटतो; तुम्ही ऐकायला आला आहात ना, मग ऐका, इतकेच त्या मागत. झाकीर हुसेन यांचे वागणे याच्या अगदी उलट, हसतमुख. पण लग्नसमारंभात किंवा कंपन्यांच्या मेजवान्यांत, जिथे लोक खायला-प्यायला आलेले असतात, तिथे आपण वाजवत नाही, हे त्यांनीही स्पष्ट सांगून ठेवले होते. आणि ज्याला तबल्यातले काही कळत नाही अशा माणसासाठी तेच झाकीरभाई भर मैफलीत तबल्यावर शंकराचा डमरू आणि शंखनाद काढून दाखवत. पंडितांनी नाके मुरडली तरी मागच्या रांगेतल्या माणसाला त्या दोन मिनिटांत तबला आपला वाटू लागे. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते गेल्यानंतर ज्यांनी आठवणी लिहिल्या त्यांत मागच्या रांगेतली माणसे फार होती.

पुण्याच्या माणसाने प्रश्न विचारला आणि अजून कोणी सवाईचे नाव काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्या वर्षीपासून त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी तो पुढे अनेक दशके खांद्यावर वाहिला. स्वतः कीर्तीच्या शिखरावर असताना, देशभर दौरे करत असताना. भीमसेनजींच्या सौजन्याचे किस्से पुण्यात हवे तेवढे मिळतील, मला ते सांगायचे नाहीत. मला भारतीय बैठकीबद्दल बोलायचे आहे. जमिनीवर बसण्याचे ते तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिले, आणि त्यामुळे रमणबागेच्या मैदानावर दरवर्षी डिसेंबरच्या थंडीत कानटोप्या, शाली, पोळीभाजीचे डबे आणि घरची सतरंजी घेऊन आलेली कुटुंबेच्या कुटुंबे देशातल्या पहिल्या प्रतीच्या कलावंतांसमोर बसू शकली. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधने येण्यापूर्वी हा उत्सव रात्रभर चाले. पहाटे चारला पेंगुळलेल्या लेकराला मांडीवर घेऊन तोडी ऐकणारी बाई ही काही समीक्षक नव्हे. तिच्यासाठी एवढा मोठा गवई वर्षानुवर्षे मांडव घालतो, निमंत्रणे देतो, आणि शेवटी गुरूंच्या 'बिन देखे पडे नहीं चैन' या भैरवीचे जुने मुद्रण लावून उत्सव संपतो तेव्हा मैदानावरचा प्रत्येक जण स्तब्ध बसून ते ऐकतो.

तेव्हा माझा निकष इतकाच: मला मिठी नको आणि सहीही नको. माझ्यासाठी बसायला जागा केली का, आणि पूर्ण ताकदीने गायलात का?

तेरा तास

मी सदाशिवपेठी यांच्या भाचीपेक्षा सातआठ वर्षांनी मोठी असेन आणि इथे बोलणाऱ्यांत बहुधा सर्वांत लहान. टेलर स्विफ्ट हे नाव अजून कोणीही घेतले नाही, याचा अर्थ मी समजू शकते, पण भाचीला ते हवे असेल.

जून २०१० मध्ये नॅशव्हिलच्या संगीत महोत्सवात तिने तेरा तास चाहत्यांना भेटण्याचे जाहीर केले होते आणि प्रत्यक्षात ते त्याहूनही लांबले. ही भेट विकत नव्हती, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये नवा अल्बम बाजारात येण्यापूर्वी तिने चाहत्यांच्या लहान लहान गटांना, एका वेळी ८९ जणांना, स्वतःच्या घरी बोलावून तो ऐकवला आणि स्वतः भाजलेली बिस्किटे खाऊ घातली. त्याच वर्षी नाताळात काही जणांना खोकी भरून भेटवस्तू गेल्या. त्या लोकांच्या समाजमाध्यमावरच्या नोंदी ती आधी महिनोन्महिने वाचत होती, त्यामुळे कोणाला काय आवडते हे तिला ठाऊक होते. मध्यलय यांना मिठी नको आहे हे ठीक. पण सोळाव्या वर्षी आपले कोणीतरी वाचले आहे ही जाणीव फार मोठी असते, आणि चिठ्ठी मुठीत राहिलेल्या मुलीला ते सांगावे लागणार नाही.

हिशेबनीस विचारण्याआधीच मान्य करते: एकच अल्बम पाचपन्नास वेगवेगळ्या आवृत्त्यांत काढून भाबड्या चाहत्यांना पुन्हा पुन्हा विकत घ्यायला लावणे हेही तिच्याच बाजूने घडले आहे. माझ्याकडे त्यातल्या तीन आहेत. गाणी तीच आहेत, एकेक जादा गाणे सोडून. मी रागावलेही आहे आणि त्या विकूनही टाकल्या नाहीत.

सदाशिवपेठी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भाचीला सगळे वाचून दाखवले. पावतीच्या बेरजेपाशी तिने मला थांबवून स्वतः मोबाइलवर आकडे जमवून पाहिले. रिंगो स्टार यांच्यावर तिचा राग नाही, स्प्रिंगस्टीन यांच्यावर आहे. मला वाटले होते उलट होईल.

आजोबांचे उत्तर ऐकताना माझे वडील आतल्या खोलीतून बाहेर आले आणि काही न बोलता माळ्यावरून पत्र्याची एक पेटी काढायला लावली. आत सहा स्पूल निघाले. १९६८ च्या सुमारास आमच्या जुन्या वाड्यात एका मोठ्या गायिकेची बैठक झाली होती आणि माझ्या आजोबांनी मुद्रणाची परवानगी मागितल्यावर बाईंनी स्वतः मायक्रोफोन तानपुऱ्यापासून थोडा लांब सरकवून ठेवायला सांगितला होता, असे वडील म्हणतात. पन्नास वर्षांत आमच्या घरात हे कोणी बोलले नव्हते. भाचीला ते आजच ऐकायचे आहे, पण वाजवायला यंत्र नाही. पुण्यात कोणाकडे चालू स्थितीतला स्पूल टेपरेकॉर्डर आहे का?

मध्यलय

माझ्याकडे आहे. पट्टा मागच्या वर्षी बदलून घेतला आहे. मात्र इतक्या वर्षांचे स्पूल थेट लावू नका. फीत एकमेकींना चिकटलेली असेल तर ओढ बसून तुटेल. आधी हाताने सावकाश फिरवून सैल करावी लागेल, ते इथेच करू. रविवारी सकाळी दहाला या, भाचीला आणि वडिलांनाही घेऊन या. बे एरियातल्या आजोबांना प्रत हवी असेल तर तीही काढू, कोऱ्या कॅसेटचे आणि टपालाचे पैसे घेणार नाही.